तीन मुली, एक चित्र आणि न सांगितलेले कारण : अमृता शेरगिल यांच्या चित्रातील विषाद कसा वाचावा?

१/
तीन तरुण मुली एकमेकींना खेटून बसल्या आहेत. अंगावर ओढण्या, कपड्यांत लाल-नारिंगी आणि हिरवट छटा, मागे जवळजवळ रिकामी, मातकट पार्श्वभूमी. तिघींच्या नजरा कुठेतरी खाली, बाजूला गेलेल्या. कोणी कोणाशी बोलत नाही. कोणी पाहणाऱ्याकडेही पाहत नाही. अमृता शेरगिल यांनी १९३५ साली रंगवलेले हे तैलचित्र ‘तीन मुली’ या नावाने ओळखले जाते.

२/
या चित्राखाली आज हमखास एक ओळ आढळते : लग्नाची वाट पाहणाऱ्या, स्वतःचे नशीब बदलू न शकणाऱ्या भारतीय स्त्रिया. ओळ इतकी रुळली आहे की चित्र पाहण्याआधीच ती डोळ्यांसमोर उभी राहते. परंतु चित्रात मांडव नाही, मेंदी नाही, दागिन्यांची पेटी नाही, आई-वडील नाहीत. मग हा अर्थ आला कुठून? तो चित्रातून निघाला, इतिहासातून निघाला, की पाहणाऱ्याने घरून आणला?

३/
प्रश्न केवळ कलासमीक्षेचा नाही. या मुलींची स्वतःची साक्ष लोकांसमोर नाही. त्यांच्याबद्दल जगाला जे ठाऊक आहे, ते या चित्रावाटे. अशा वेळी चित्राचा चुकीचा अर्थ लावणे म्हणजे मूक माणसांच्या तोंडी आपली वाक्ये घालणे होय. आणि अर्थच न लावणे म्हणजे त्यांच्या मौनाला केवळ शोभेची वस्तू समजणे. या दोन टोकांच्या मधली वाट शोधावी लागते.

४/
प्रथम चित्रकर्तीविषयी. अमृता यांचा जन्म ३० जानेवारी १९१३ रोजी बुडापेस्ट येथे झाला. वडील उमरावसिंग शेरगिल पंजाबातील मजिठिया या सरदार घराण्यातले. संस्कृत-फारसीचे व्यासंगी आणि छायाचित्रणाचे वेडे. आई मारी आंत्वानेत हंगेरीची, संगीत शिकलेली. १९२१ साली कुटुंब हिंदुस्थानात आले आणि सिमल्यास स्थायिक झाले. १९२९ साली, वयाच्या सोळाव्या वर्षी, अमृता चित्रकला शिकण्यासाठी पॅरिसला गेल्या.

५/
पॅरिसमध्ये एकोल दे बोझार या प्रतिष्ठित कलाशाळेत ल्युसियाँ सिमाँ यांच्या हाताखाली त्यांनी अभ्यास केला. १९३२ साली त्यांनी ‘तरुण मुली’ हे चित्र रंगवले. त्यात त्यांची बहीण इंदिरा आणि मैत्रीण डेनिस प्रुतो या दोघी एका खोलीत बसलेल्या आहेत. या चित्राला १९३३ साली पॅरिसच्या ग्राँ सालोंमध्ये सुवर्णपदक मिळाले, आणि विशीच्या आसपासची ही मुलगी त्या संस्थेची सहसदस्य झाली.

६/
१९३२ चे ते चित्र आणि १९३५ चे ‘तीन मुली’ शेजारी ठेवून पाहावीत. पहिल्यात खोली आहे, सामान आहे, कापडाचा पोत आहे, प्रकाश अंगावर पडून गोलाई घडवतो आहे. दोन मुलींचे स्वभाव वेगळे आहेत, हे त्यांच्या बसण्यावरूनच कळते. दुसऱ्या चित्रात खोली नाहीशी झाली. सामान गेले. कापडाच्या चुण्या मोजक्या, रुंद पट्ट्यांत आवरल्या. शरीरे गोल न राहता काहीशी सपाट, रेषेने बांधलेली झाली.

७/
यालाच शैलीकरण म्हणतात. चित्रकाराला हुबेहूब रंगवता येत नाही म्हणून तो असे करतो, हा सार्वत्रिक गैरसमज. पॅरिसच्या सुवर्णपदकाने या बाबतीत शंकेला जागा ठेवलेली नाही. हुबेहूबपणा येत असूनही तो बाजूला ठेवणे, ही निवड आहे. आणि प्रत्येक निवडीमागे काहीतरी गाळलेले आणि काहीतरी राखलेले असते. शैलीबद्ध चित्र वाचताना पहिला प्रश्न हाच : काय गाळले?

८/
येथे गाळले आहे ते स्थळ. या मुली कुठे बसल्या आहेत, अंगणात की माडीवर, सकाळी की संध्याकाळी, काही कळत नाही. गाळले आहे ते काम. हातांत सुई नाही, सूप नाही, पुस्तक नाही. गाळली आहे ती घटना. कोणी आले नाही, कोणी गेले नाही. राखले आहे ते एवढेच : तीन चेहरे, थबकलेले हात, कपड्यांचे मोठे रंगीत आकार आणि तिघींमधले अगदी थोडे अंतर.

९/
या अंतराकडे लक्ष द्यावे. मुली इतक्या जवळ आहेत की त्यांच्या आकृत्यांचा एकच पुंजका बनतो. परंतु नजरा एकत्र येत नाहीत. शरीरे एकत्र आणि मने वेगळी, असा अनुभव या रचनेतून थेट मिळतो. त्यासाठी कोणतीही माहिती लागत नाही. रंगांचेही तसेच. लाल-नारिंगी हा सणासुदीचा, उत्साहाचा रंग. तो येथे स्तब्ध शरीरांवर आहे. रंग बोलतो एक, अंगविक्षेप बोलतो दुसरे. चित्रातला ताण या विसंगतीतून येतो.

१०/
येथवर जे सांगितले, ते सर्व चित्रात दिसते. आता दिसत नाही ते : कारण. मुली अशा का बसल्या आहेत? या मुद्द्याचा विचार करायला भारतीय परंपरेतच एक नेमकी परिभाषा उपलब्ध आहे. भरताच्या नाट्यशास्त्रात भावाची घडण उलगडताना तीन गोष्टी वेगळ्या केल्या आहेत : विभाव म्हणजे भाव उत्पन्न होण्याचे कारण, अनुभाव म्हणजे शरीरावर दिसणारा त्याचा परिणाम, आणि व्यभिचारी भाव म्हणजे येऊन-जाऊन असणाऱ्या मनःस्थिती.

११/
नाट्यशास्त्रात असे ३३ व्यभिचारी भाव मोजले आहेत. त्यांत चिंता आहे, विषाद आहे, दैन्य आहे, निर्वेद आहे, ग्लानी आहे, वितर्कही आहे. बाहेरून पाहता या सर्वांत मान खाली जाऊ शकते, हात थबकू शकतात. म्हणजे एकटा अनुभाव पाहून नेमका भाव ओळखता येत नाही. थकलेली मुलगी, काळजीतली मुलगी, विचारात गढलेली मुलगी आणि चित्रासाठी तास न् तास बसून कंटाळलेली मुलगी, चौघीही सारख्याच दिसू शकतात.

१२/
कोणता भाव, हे ठरवतो विभाव. राजा रविवर्मा यांच्या चित्रांत तो उघड असतो. हंस आणि दमयंती समोर आले की पाहणाऱ्याला नल आठवतो. पायातला काटा काढण्याच्या मिषाने मागे वळणारी शकुंतला दिसली की दुष्यंत आठवतो. कथा सर्वांना ठाऊक असल्याने मान कलण्याचा अर्थ निश्चित होतो. रविवर्मांच्या छापखान्यातून निघालेली ही चित्रे घरोघरी पोहोचली, आणि स्त्रीचा चेहरा कसा वाचायचा याचे एक वळण कित्येक घरांना लागले.

१३/
दुसरे वळण मुंबईतच घडले. सर जे. जे. कलाशाळेतले नामवंत चित्रकार म. वि. धुरंधर यांनी ऑटो रॉथफेल्ड यांच्या ‘हिंदुस्थानातील स्त्रिया’ या विषयावरील इंग्रजी पुस्तकासाठी चित्रे काढली. त्यांत स्त्री ओळखायची ती प्रांतावरून, जातीवरून, व्यवसायावरून. लुगडे नेसण्याची तऱ्हा, दागिने, डोक्यावरचे ओझे यांवरून. रेखाटन अत्यंत कुशल. पण वाचन असे की, ‘ही कोण?’ याचे उत्तर मिळाले की चित्र संपले.

१४/
‘तीन मुली’ या दोन्ही वळणांना नकार देते. कथा नाही, त्यामुळे विभाव नाही. ठळक खूण नाही, त्यामुळे ‘ही अमुक’ असे लेबल लावता येत नाही. शीर्षकसुद्धा केवळ संख्या आणि वय सांगते. अमृता यांनी अनुभाव ठेवला आणि विभाव काढून घेतला. पाहणाऱ्याच्या मनात जी पोकळी उरते, ती भरण्यासाठी तो स्वतःच कारण पुरवतो. कोणी लग्न पुरवतो, कोणी दारिद्र्य, कोणी पारतंत्र्य.

१५/
कारण पुरवताना चूक कशी होते, याचे उत्तम उदाहरण महाराष्ट्रातच आहे. अजिंठ्याच्या सोळाव्या लेण्यात एक मान टाकलेली, डोळे मिटू लागलेली स्त्री रंगवली आहे. तिला सावरणाऱ्या दासी भोवती आहेत. जे. जे. कलाशाळेचे जॉन ग्रिफिथ्स यांनी १८७२ पासून विद्यार्थ्यांसह अजिंठ्याच्या प्रतिकृती करवून घेतल्या. त्या काळापासून हे चित्र ‘मरणासन्न राजकन्या’ म्हणून जगप्रसिद्ध झाले. स्त्री मरते आहे, याबद्दल अनेकांना शंका वाटली नाही.

१६/
पुढे अभ्यासकांनी चित्रातली बाकीची दृश्ये जुळवली. जवळच एक सेवक मुकुट घेऊन उभा आहे. तो मुकुट बुद्धाचा सावत्र भाऊ नंद याचा. नंदाने संसार सोडून दीक्षा घेतली, आणि ती वार्ता मुकुटाच्या रूपाने त्याच्या पत्नीपाशी, सुंदरीपाशी पोहोचली. अश्वघोषाच्या ‘सौंदरनंद’ काव्याचा विषय हाच. म्हणजे ती राजकन्या मरत नव्हती. पतीने आपल्याला विचारल्याविना घर सोडले, हे कळून ती कोसळत होती.

१७/
मुद्रा तीच, कारण बदलले, आणि सामाजिक अर्थ पूर्णपणे पालटला. मृत्यू हा निसर्गाचा भाग. त्यात कोणाचा दोष नाही. नंदाचे निघून जाणे हा मात्र एका पुरुषाचा निर्णय, ज्याचा भार स्त्रीवर पडला. चुकीच्या शीर्षकाने एका सामाजिक दुःखाला दैवी दुःख करून टाकले होते. बाजूच्या मुकुटाकडे दुर्लक्ष झाल्याची ही किंमत.

१८/
‘तीन मुली’मध्ये मुकुट नाही. मग चित्राबाहेरचा पुरावा शोधावा लागतो. पहिला पुरावा : या मुली कोण होत्या? १९३४ च्या अखेरीस अमृता युरोपातून परतल्या आणि काही काळ अमृतसरला मजिठिया कुटुंबाच्या घरी राहिल्या. तेथे नात्यातल्याच मुलींना समोर बसवून त्यांनी हे चित्र रंगवले. म्हणजे चित्रातल्या मुली शेतमजुराच्या नव्हेत, भिकाऱ्याच्या नव्हेत. त्या जमीनदार, सरदार घराण्यातल्या आहेत.

१९/
ही माहिती कळताच ‘भारताच्या दारिद्र्याचे चित्र’ हे वाचन मागे पडते. ते वाचन रुजण्याचे कारणही समजण्यासारखे आहे. हिंदुस्थानात परतल्यावर आपले काम येथील जनतेचे, विशेषतः गरिबांचे जीवन आणि त्यांची मूक सोशिकता चित्रात आणणे हे आहे, अशा आशयाचे अमृता यांनी स्वतःच लिहिले होते. ‘भारतमाता’, ‘डोंगराळ भागातील स्त्रिया’ ही त्याच वर्षाची चित्रे त्या निश्चयाशी जुळतात. ‘तीन मुली’ त्याच रांगेत बसवली गेली.

२०/
दुसरा पुरावा : काळ. १९२९ साली हरबिलास सारडा यांच्या प्रयत्नाने बालविवाह प्रतिबंधक कायदा मंजूर झाला आणि १ एप्रिल १९३० पासून अमलात आला. मुलीचे किमान वय १४, मुलाचे १८. आज हा आकडा धक्कादायक वाटतो. त्या वेळी तो क्रांतिकारक आणि अनेकांना असह्य वाटला. म्हणजे चित्र रंगवले गेले तेव्हा ‘मुलीचे लग्न केव्हा?’ हा विषय घरातून निघून कायदेमंडळात आणि वृत्तपत्रांत येऊन पोहोचला होता.

२१/
तिसरा पुरावा : मालमत्ता. पंजाबातल्या जमीनदार घराण्यांत रूढीने जमीन पुरुष वारसांकडे जाई. मुलीला सामान्यतः वाटा नसे. १९३७ साली हिंदू स्त्रियांच्या मालमत्ताहक्काचा कायदा आला, त्यानेही विधवेला मर्यादित हक्क दिला, मुलीला दिला नाही, आणि शेतजमीन कक्षेबाहेर राहिली. वारशात मुलगी आली ती १९५६ च्या हिंदू वारसा कायद्याने. श्रीमंत घरातल्या मुलीचे भवितव्य लग्नावर किती अवलंबून होते, हे यावरून कळते.

२२/
यावरून एवढे म्हणता येते : अशा घरातल्या, अशा वयाच्या मुलींसाठी १९३५ साली लग्न हाच जवळजवळ एकमेव पुढचा टप्पा होता. म्हणून ‘लग्नाची प्रतीक्षा’ हे वाचन असंभाव्य नाही. परंतु संभाव्य आणि सिद्ध यांत फरक आहे. काळाची परिस्थिती सांगते की या मुलींना चिंतेचे कारण असू शकत होते. त्या क्षणी त्यांच्या मनात नेमके तेच होते, असे ती सांगत नाही.

२३/
याच सुमारास मराठीत काय घडत होते, ते पाहणे उद्बोधक ठरेल. १९३३ साली ‘विभावरी शिरूरकर’ या टोपणनावाने ‘कळ्यांचे निःश्वास’ हा कथासंग्रह प्रसिद्ध झाला. शिकलेल्या, प्रौढ कुमारिकांची घुसमट त्यात उघडपणे मांडली होती. महाराष्ट्रात मोठे वादळ उठले. लेखिका कोण, याचा शोध सुरू झाला. त्या म्हणजे बाळुताई खरे, पुढच्या मालतीबाई बेडेकर, हे पुढे उघड झाले.

२४/
अमृता यांनी हे पुस्तक वाचले असेल असे मानायला आधार नाही, आणि त्याची गरजही नाही. दोन्ही कृती वेगळ्या भाषांत, वेगळ्या प्रांतांत, वेगळ्या वर्गांतून आल्या. तरीही दोहोंत साम्य आहे : अविवाहित तरुण मुलीला स्वतःचे असे मन असते, ते घरच्यांना दिसत नाही, ही जाणीव. मालतीबाईंनी त्या मनाला बोलते केले. अमृता यांनी ते मन बंद आहे, एवढेच दाखवले. एकीने दार उघडले, दुसरीने दाराकडे बोट केले.

२५/
आणि या चित्राचे मुंबईशी खरेखुरे नाते जुळले. सिमल्याच्या कलासंस्थेने १९३५ साली अमृता यांची काही चित्रे नाकारली, तेव्हा तिने दिलेले पारितोषिक त्यांनी परत करून टाकले. मुंबईत मात्र वेगळे घडले. १८८८ पासून चालत आलेल्या बॉम्बे आर्ट सोसायटीने १९३७ साली ‘तीन मुली’ला सुवर्णपदक दिले. आदल्या वर्षीच ताजमहाल हॉटेलात त्यांच्या चित्रांचे प्रदर्शन भरले होते.

२६/
त्या प्रदर्शनाच्या निमित्ताने भेटलेले कार्ल खंडालावाला अमृता यांचे स्नेही आणि पुढे चरित्रकार-समीक्षक झाले. पेशाने ते वकील. पुढे नानावटी खटल्यात बचावाची बाजू मांडणारे म्हणूनही गाजले. बसोहली आणि मुघल लघुचित्रांची गोडी अमृता यांना लागण्यात त्यांचा वाटा होता. मुंबईने या चित्रकर्तीला पदक दिले, तसा एक जाणता वाचकही दिला.

२७/
मुंबईहून अमृता अजिंठा-वेरूळ पाहायला गेल्या. येथे एक प्रचलित समजूत दुरुस्त करावी लागते. ‘तीन मुली’वर अजिंठ्याचा प्रभाव आहे असे अनेकदा लिहिले जाते. तारखा तसे सांगत नाहीत. चित्र १९३५ च्या पूर्वार्धातले, अजिंठ्याची भेट १९३६ च्या अखेरची. ‘तीन मुली’तले सपाट आकार आणि बांधीव रेषा यांचा उगम प्रामुख्याने पॅरिसमध्ये पाहिलेल्या गोगँसारख्या चित्रकारांकडे शोधावा लागतो.

२८/
अजिंठ्याचा खरा ठसा पाहायचा तर १९३७ ची चित्रे पाहावीत : ‘ब्रह्मचारी’, ‘वधूचा शृंगार’, ‘बाजारास निघालेले दक्षिण भारतीय खेडूत’. अजिंठ्यानंतर त्या दक्षिणेत त्रिवेंद्रम, कोचीनपर्यंत गेल्या. मट्टनचेरीची भित्तिचित्रेही त्यांनी पाहिली. या चित्रांत माणसे भिंतीवरच्या पट्टीसारखी शेजारी-शेजारी मांडलेली आहेत आणि त्वचेच्या वर्णच्छटांतून रचना उभी राहते.

२९/
‘वधूचा शृंगार’ येथे विशेष उपयोगी पडते, कारण त्यात विभाव आहे. वधू मध्यभागी, तळहात रंगलेले, भोवती सावळ्या वर्णाच्या स्त्रिया आणि मुले. लग्न आहे, हे सांगावे लागत नाही. आणि तरीही वधूच्या चेहऱ्यावर हर्ष नाही. म्हणजे १९३७ साली अमृता लग्नाविषयी बोलू इच्छित होत्या तेव्हा त्यांनी लग्नाच्या खुणा रंगवल्या. १९३५ साली त्यांनी त्या रंगवल्या नाहीत. त्या अभावालाही अर्थ आहे.

३०/
आणखी एक आक्षेप प्रामाणिकपणे नोंदवायला हवा. पॅरिसहून परतलेली, स्वतःचे आयुष्य स्वतः ठरवणारी चित्रकर्ती. तिने नात्यातल्या पडदानशीन वातावरणातल्या मुलींकडे पाहिले आणि तिला विषाद दिसला. तो मुलींचा होता, की पाहणारीचा? आपल्या चित्रांतली उदास छटा स्वभावातून येते, याची कल्पना अमृता यांना होती. १९३२ च्या चित्रातल्या पॅरिसच्या मुलीही काही हसत नाहीत.

३१/
हा आक्षेप मान्य केला तरी चित्र खोटे ठरत नाही; त्याचा अर्थ अधिक नेमका होतो. ते ‘भारतीय स्त्रीचे दुःख’ नावाच्या एखाद्या अमूर्त वस्तूचे चित्र नाही. एका बावीस वर्षांच्या, अर्ध्या हंगेरियन, अर्ध्या पंजाबी बाईने, आपल्यालाही सहज लाभू शकले असते असे आयुष्य जगणाऱ्या तीन मुलींकडे टाकलेली ती नजर आहे. आई हंगेरियन नसती, पॅरिस नसते, तर चौथी जागा तिची असती.

३२/
अमृता शेरगिल ५ डिसेंबर १९४१ रोजी लाहोरमध्ये वारल्या, तेव्हा त्या अवघ्या २८ वर्षांच्या होत्या. १९५४ साली नवी दिल्लीत राष्ट्रीय आधुनिक कला संग्रहालय सुरू झाले, त्याच्या संग्रहाचा मोठा आधार त्यांची चित्रे होती. ‘तीन मुली’ही तेथेच आहे. १९७६ साली त्यांचे कार्य राष्ट्रीय कलानिधी म्हणून घोषित झाले, त्यामुळे देशातली त्यांची चित्रे परदेशी विकता येत नाहीत.

३३/
मग या चित्राखाली काय लिहावे? चित्र दाखवते : तीन मुली, अगदी जवळ आणि तरीही आपापल्या जागी एकट्या. इतिहास सांगतो : अशा घरांतल्या मुलींच्या पुढच्या आयुष्याचा निर्णय बहुधा इतर लोक घेत. चित्रकर्तीचे आयुष्य सांगते : हे पाहणारी बाई त्या व्यवस्थेतून निसटलेली होती. या तीन वाक्यांपुढचे चौथे वाक्य, म्हणजे त्या दिवशी त्या मुलींच्या मनात काय होते, ते त्यांचे आहे. ते त्यांनी कोणाला सांगितले नाही, आणि अमृता यांनीही त्यांच्या वतीने रंगवले नाही.

(समाप्त)